विनापरवाना शटडाउन

हजीऱ्यात कुठलाही बदल कागदाशिवाय होत नाही. इथल्या कारखान्यात दोन इंची लाइनवरचं एक गास्केट बदलायचं म्हटलं तरी परमिट लागतं. परमिट मागणारा वेगळा, देणारा वेगळा आणि प्रत्यक्ष पाना हातात घेणारा तिसराच. लाइन दोन्ही बाजूंनी बंद होते, व्हॉल्व्हला साखळी, कुलूप आणि टॅग लागतो, गॅस टेस्ट होते, कामाआधी सगळ्यांना उभं करून टूलबॉक्स टॉक दिला जातो. काम संपलं की परमिट सही करून परत. आणि जुन्या जातीच्या गास्केटऐवजी नव्या जातीचं बसवायचं ठरलं, तर ‘एमओसी’ची, म्हणजे ‘मॅनेजमेंट ऑफ चेंज’ची, फाइल निघते. बदल का करायचा, त्याने काय बिघडू शकतं, बिघडलं तर मागे कसं यायचं, याची उत्तरं लिहून ती टेबलाटेबलावरून फिरते. या व्यवस्थेबद्दल माझी काडीची तक्रार नाही. तिच्यामुळे मी रोज संध्याकाळी दोन्ही हातांनिशी घरी येतो.

माझी तक्रार घरी आल्यानंतर सुरू होते.

आमच्या दिवाणखान्यात, टीव्हीच्या वरच्या फळीवर, राउटर आहे. एका रविवारी सकाळी त्याच्या अ‍ॅपमधून मोबाइलवर संदेश आला : नवीन फर्मवेअर उपलब्ध आहे, अपग्रेड करा. खाली दोन बटणं, ‘आत्ता’ आणि ‘नंतर’. ‘कशासाठी?’ असं बटण नव्हतं. आणखी खाली बारीक अक्षरांत सूचना होती की, प्रक्रिया चालू असताना वीजपुरवठा खंडित करू नये, अन्यथा उपकरण कायमचे निकामी होऊ शकते.

तुम्हालाही हा संदेश आला असणार. घ्या, चहा घ्या. मी काय म्हणतो ते शांतपणे ऐका.

वीजपुरवठा खंडित करू नये, हे मला सांगून काय उपयोग? वीज मी बनवतो का? कवासचं ६५६ मेगावॅटचं गॅसवर चालणारं वीज केंद्र आमच्या कॉलनीपासून स्कूटरवर जाण्याच्या अंतरावर आहे. तरी जुलैत खाडीवरून वारा सुटला की दिवे मिचमिचतात, कारण वीज बनणं आणि ती माझ्या फळीपर्यंत न थांबता पोचणं या दोन वेगळ्या जबाबदाऱ्या आहेत आणि दोन्ही माझ्या नाहीत. कारखान्यात कंट्रोल सिस्टीमचं सॉफ्टवेअर बदलतात ते वार्षिक शटडाउनमध्ये. यूपीएस असतो, जनरेटर तयार असतो, आधीच्या सेटिंगचा बॅकअप घेतलेला असतो आणि सिस्टीम बनवणाऱ्या कंपनीचा इंजिनीअर शेजारी खुर्ची टाकून बसलेला असतो. घरी यापैकी काय असतं? बोटभर अ‍ॅडॅप्टर आणि ती सूचना. पुरवठा, बॅकअप, देखरेख, परिणाम, सगळं ग्राहकाच्या माथी.

बरं, ‘नंतर’ दाबून मोकळं व्हावं, तर तेही जमत नाही. मी या विषयाची माहिती काढली आहे. २०१६ मध्ये मिराई नावाच्या व्हायरसने जगभरचे राउटर आणि कॅमेरे ताब्यात घेतले. कसे, तर कारखान्यातून आलेले पासवर्ड कुणी बदलले नव्हते म्हणून. त्या फौजेने ऑक्टोबरमध्ये अमेरिकेत अशी काही धडक मारली की मोठमोठ्या वेबसाइट दिवसभर अडखळत होत्या. महिनाभराने त्याच जातीच्या हल्ल्यात जर्मनीत डॉइश टेलिकॉमच्या सुमारे ९ लाख ग्राहकांचे राउटर कोलमडले. २०१७ च्या जुलैत आपल्याकडे बीएसएनएलचे सुमारे ६० हजार मोडेम बाधित झाले, पासवर्ड तोच, ‘अ‍ॅडमिन’. २०१८ मध्ये व्हीपीएनफिल्टर आला तेव्हा ५४ देशांत निदान ५ लाख यंत्रं त्याच्या ताब्यात होती, आणि अमेरिकेच्या एफबीआयने नागरिकांना आवाहन केलं की घरातला राउटर बंद करून पुन्हा चालू करा. म्हणजे धोका खरा आहे. आपल्या फळीवरचा डबा आपल्या नकळत दुसऱ्या कुणाची तरी हमाली करू शकतो. अपग्रेड करायलाच हवं, हे मला मान्य आहे, आणि म्हणूनच माझा संताप जास्त आहे. काम इतकं गंभीर असेल, तर ते असं का करून घेतात?

नव्या आवृत्तीत काय बदललंय हे मी आधी वाचायला घेतलं. दोन ओळी होत्या. स्थैर्यात सुधारणा, आणि काही ज्ञात दोष दूर. संपलं. कुठले दोष? ज्ञात कोणाला होते? मला तर नव्हते, आणि यंत्र माझ्या घरात होतं. ‘काही’ दूर झाले म्हणजे उरलेले कुठे आहेत? आमच्या पॅनेल रूमच्या लॉगबुकात ‘काही बिघाड होते, काही काढले’ असं लिहून कोणी शिफ्ट सोडली, तर त्याला गेटवरून परत बोलावतील आणि सकाळपर्यंत बसवून नीट लिहून घेतील. पुढच्या शिफ्टवाल्याला त्या नोंदीवर जीव टाकायचा असतो. इथे पुढची शिफ्ट म्हणजे मी, माझी पत्नी, अकरावीतली मुलगी आणि रोज रात्री साडेआठला व्हिडिओ कॉलवर येणारी भुसावळची माझी आई.

अ‍ॅपमधून अपग्रेड मध्येच अडकलं. मग फाइल उतरवून हाताने करा, असा सल्ला आला. त्यासाठी यंत्राचा नेमका नमुना माहीत हवा. तो तळाच्या स्टिकरवर असतो. स्टिकर पाहायला राउटर उलटा करावा लागतो आणि उलटा केला की मागच्या वायरी ताणल्या जातात. अक्षरं इतकी लहान, की मोबाइलने फोटो काढून तो दोन बोटांनी मोठा करावा लागला. खाऱ्या हवेने स्टिकरची एक कड सुटून वर वळली होती आणि हार्डवेअर आवृत्तीचा आकडा नेमका त्या वळलेल्या कडेखाली होता. नखाने कड सपाट धरली तेव्हा ‘व्ही ३’ दिसलं. कंपनीच्या साइटवर त्याच नावाच्या यंत्राच्या अनेक आवृत्त्या आहेत. बाहेरून सगळ्या सारख्या, आतली चिप वेगळी. एकीची फाइल दुसरीला घातली तर यंत्र जातं. शिवाय युरोपची फाइल वेगळी, भारताची वेगळी, आणि देश चुकला तर वॉरंटीही जाते. बाहेरून हुबेहूब आणि आतून वेगळे असे दोन व्हॉल्व्ह एकाच नावाने आमच्या स्टोअरमध्ये आले, तर ते गेटवरूनच परत जातील. दुकानात मात्र ते खुशाल एकाच किमतीला विकतात.

पुढची अट : अपग्रेड वायरने जोडूनच करावं, वायफायवरून करू नये. अट योग्य आहे. वायफाय मध्येच तुटलं तर फाइल अर्धवट जाईल. पण जी दुनिया मला ही अट घालते, तिनेच माझ्या लॅपटॉपमधून वायर लावायचं भोक काढून टाकलं आहे. लॅपटॉप पातळ हवा म्हणून. मी कधी पातळ मागितला होता? तेव्हा यूएसबीला लावायचा अ‍ॅडॅप्टर घ्यायला इच्छापोर, पाल ओलांडून सुरत शहरात जाणं आलं. दुकानदाराने मला अ‍ॅडॅप्टर दिला आणि वर म्हणाला, “वायफायथी ज करी नाखो ने भाई, कंई नहीं थाय.” हा माणूस स्वभावाने चांगला आहे. पण ‘काही होणार नाही’ हे वाक्य आमच्याकडे ज्या ज्या वेळी कोणी उच्चारलं आहे, त्या प्रत्येक वेळी नंतर चौकशी समिती बसली आहे.

मी घरी रीतसर पूर्वसूचना दिली. नाश्त्याच्या वेळी सर्वांसमक्ष सांगितलं की दुपारी दोन ते अडीच नेट बंद राहील. कोणी हरकत घेतली नाही. दोन वाजता वायर जोडली, फाइल निवडली, बटण दाबलं आणि पडद्यावर पट्टी सरकू लागली.

ती पट्टी तुम्ही पाहिली आहे का? सुरुवातीला झरझर पुढे जाते आणि निम्म्याच्या पुढे कुठेतरी थांबते. थांबली म्हणजे अडकली की काम करते आहे, हे सांगायला तिथे काहीच नाही. कारखान्यात पंप चालू असला तर अ‍ॅम्पियर दिसतात, प्रेशर दिसतं, अंगावर हात ठेवला तर थरथर कळते. इथे एक नारिंगी दिवा, लुकलुकणारा. पुस्तिकेत दिव्याच्या रंगांचा तक्ता होता. हिरवा स्थिर, हिरवा लुकलुकता, नारिंगी स्थिर, बंद. नारिंगी लुकलुकता नव्हता. नेमकी त्याच वेळी मुलगी खोलीतून बाहेर आली, तिच्या क्लासची वेळ पुढे आली होती. पत्नीला बिल भरायचं होतं, ओटीपी येऊन गेला होता. आणि भुसावळहून आईचा फोन आला, रात्रीच्या साडेआठचा दुपारी सव्वादोनला, कारण मामा आले होते आणि त्यांना नातीला पाहायचं होतं. मी मोबाइल डेटावर व्हिडिओ घेतला. आमच्या कॉलनीत घराच्या आत मोबाइलचं नेटवर्क कसं येतं ते इथल्या लोकांना वेगळं सांगायला नको. आई म्हणाली, “काय जयं रे भाऊ? तुनं तोंड हालस, आवाज येत नही.”

भुसावळच्या पुलाखालून जाणारी तापी उकाईच्या धरणात अडते, सुरत शहरातून जाते आणि आमच्या मागे खाडीत उतरते. तिकडचं पाणी इकडे रोज पोचतं. आईचा आवाज मात्र त्या दिवशी पोचला नाही, आणि याची नोंद कुठल्याही खात्यात नाही.

अपग्रेड यशस्वी झालं. पडद्यावर तसं लिहून आलं. आणि यशस्वी झाल्यावर राउटर सगळं विसरला. वायफायचं नाव गेलं, पासवर्ड गेला, मुलीच्या मोबाइलसाठी लावलेली रात्रीची वेळमर्यादा गेली. सेटिंगचा बॅकअप मी घेतला होता. नव्या आवृत्तीने सांगितलं की, जुन्या आवृत्तीचा बॅकअप स्वीकारता येत नाही. हे तिने नंतर सांगितलं, आधी नाही. घरातली वायफायवर चालणारी प्रत्येक वस्तू पुन्हा जोडणं आलं : टीव्ही, दाराचा कॅमेरा, मोबाइल, टॅब, प्रिंटर. प्रत्येकाचा पासवर्ड टाइप करायचा प्रकार निराळा. टीव्हीवर रिमोटच्या बाणांनी एकेक अक्षर गाठावं लागतं, आणि मोठ्या लिपीतलं अक्षर गाठायला आधी कोपऱ्यातल्या बाणावर जाऊन परत यावं लागतं.

इंटरनेट तरीही आलं नाही. कारण राउटरला इंटरनेट कंपनीचा लॉगिन आणि पासवर्ड द्यावा लागतो. तो आमच्याकडे नव्हता. तो ग्राहकाला देतच नाहीत, जोडणी करायला येणारा माणूस स्वतः टाकून जातो. हेल्पलाइनला फोन लावला. तिथल्या आवाजाने विचारलं, कुठला दिवा लागला आहे? मी दिवा सांगितला. मग म्हणाला, राउटर बंद करून चालू करा. ज्याला गेल्या तासाभरात एक क्षणही बंद होऊ द्यायचा नव्हता, तोच बंद करायचा. मी केला. मग सदर तक्रार नोंदविण्यात आली असून आमचे प्रतिनिधी लवकरच आपल्याशी संपर्क साधतील, असं कळविण्यात आलं.

प्रतिनिधी दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आला. गंजामकडचा विशीतला मुलगा, हेल्मेट न काढता दारात उभा राहिला. त्याने स्वतःच्या मोबाइलवर व्हॉट्सअ‍ॅप उघडलं, अंगठ्याने बरंच वर सरकवलं आणि कॉलनीतल्या घराघरांचे लॉगिन-पासवर्ड एकाखाली एक असलेला मेसेज काढला. आमच्या घराची ओळ शोधली, टाकली, हिरवा दिवा लागला. चहाला नाही म्हणाला, अजून बरीच घरं बाकी होती. त्याच्या कामात खोट काढायला जागा नाही. पण मला सांगा, सुरक्षिततेसाठी मी दोन दिवस राबलो आणि आमच्या अख्ख्या कॉलनीच्या चाव्या एका व्हॉट्सअ‍ॅप मेसेजमध्ये आहेत.

यातला सर्वांत मोठा अन्याय मला नंतर कळला. आमच्या घरात असे डबे दोन आहेत. राउटर मी विकत घेतलेला. दुसरा, भिंतीवरचा, फायबर जिथे येते तो, इंटरनेट कंपनीचा. त्या दुसऱ्याचं फर्मवेअर कंपनी स्वतःच बदलते, रात्री आपण झोपल्यावर, दूरवरून. टीआर-०६९ नावाची पद्धत आहे, जगभर चालते. म्हणजे जो डबा माझा नाही तो मला न विचारता सुधारला जातो, आणि जो मी पैसे मोजून घेतला त्याच्या सुधारणेला मलाच उभं करतात. आणि दुरून येण्याच्या त्या सोयीतही गोम आहे. जर्मनीतला हल्ला झाला तो अशाच दुरून देखभालीसाठी उघड्या ठेवलेल्या पोर्टवरून. तेव्हा कंपनीने केलं तर पाहणारं कोणी नाही आणि ग्राहकाने केलं तर सांगणारं कोणी नाही.

आमच्या इन्स्ट्रुमेंटेशनमधला एक तरुण इंजिनीअर माझी हकीकत ऐकून म्हणाला, सर, कंपनीचं फर्मवेअर काढून टाका, ओपनडब्ल्यूआरटी घाला. त्याने मला त्याचा इतिहासही सांगितला. लिंक्सिसचा निळा-काळा डब्ल्यूआरटी५४जी नावाचा राउटर २००२ च्या अखेरीस आला. त्याच्या आत लिनक्स आहे हे लोकांनी शोधून काढलं. लिनक्सच्या परवान्याप्रमाणे तो कोड लोकांना खुला करून देणं बंधनकारक होतं, म्हणून २००३ मध्ये तो बाहेर आला आणि २००४ मध्ये ओपनडब्ल्यूआरटीचं काम सुरू झालं. तेव्हापासून जगभरातले लोक, बरेचसे बिनपगारी, कंपन्यांनी वाऱ्यावर सोडलेल्या राउटरना नवं फर्मवेअर देत आहेत. आणि बदललेली प्रत्येक गोष्ट नावानिशी, तारखेनिशी लिहून ठेवतात. मी ती यादी वाचली. कोणत्या दिवशी, कोणी, कुठली ओळ, कशासाठी. वाचताना मला बरं वाटलं. हे लोक शिफ्टमध्ये काम करणारे असावेत असं वाटतं.

पण माझ्या राउटरला ते चालत नाही. त्यात ४ एमबीची साठवण आणि ३२ एमबीची मेमरी. एवढ्या जागेत नव्या आवृत्त्या मावत नाहीत, आणि अशा यंत्रांसाठी त्या आता बनवणंही त्यांनी सोडलं आहे. कंपनीच्या साइटवरही माझ्या नमुन्यापुढे ‘सेवा समाप्त’ असं लिहून आलं आहे. जी आवृत्ती मी एवढ्या खटाटोपाने घातली, तीच शेवटची. दुकानात तोच नमुना अजून मिळतो. सीलबंद, नव्या खोक्यात.

कृभकोचा खत कारखाना हजीऱ्यात १९८६ पासून युरिया काढतो आहे. चाळीस वर्षांत त्याची यंत्रं बदलली, नियंत्रणं बदलली, पण काय बदललं आणि कधी, हे कागदावर सापडतं. राउटरला मात्र पाच-सहा वर्षांत म्हातारपण येतं आणि त्याची जन्मतारीख खोक्यावर असली तरी निवृत्तीची तारीख कुठेही नसते. पाच रुपयांच्या बिस्किटाच्या पुड्यावर कधीपर्यंत खावं ते छापलेलं असतं. घराचं सगळं दळणवळण ज्या डब्यातून जातं, त्याच्या खोक्यावर ‘या तारखेपर्यंत दुरुस्ती मिळेल’ एवढी एक ओळ छापायला काय हरकत आहे? ब्रिटनमध्ये एप्रिल २०२४ पासून कायदाच आहे : सुरक्षा अपडेट कधीपर्यंत देणार ते उत्पादकाने जाहीर करायचं, आणि सगळ्या यंत्रांना मिळून एकच सोपा पासवर्ड द्यायचा नाही. युरोपीय संघाने त्याच वर्षी कायदा केला, त्याच्या मुख्य अटी डिसेंबर २०२७ पासून लागू होतील, आणि तिथे किमान पाच वर्षं अपडेट देण्याचा नियम आहे, वस्तूचं आयुष्यच त्याहून कमी असेल तर गोष्ट वेगळी. मला त्या वाक्यातलं ‘किमान’ हे आवडलं.

मी कंपनीला पत्र लिहिलं आहे, तीन मागण्यांचं. खोक्यावर तारीख छापा. दूर केलेल्या दोषांची यादी द्या, नावानिशी. आणि नवी आवृत्ती बिघडली तर जुनी परत घालता येईल अशी सोय ठेवा, कारण ज्या बदलातून मागे येता येत नाही तो बदल आमच्याकडे कोणी मंजूर करत नाही.

तोवर घरातली व्यवस्था मी माझ्यापुरती लावली आहे. नवा राउटर घेतला, तारीख जाहीर करणाऱ्या कंपनीचा. आणि एक पानी परमिट तयार केलं. कामाचं वर्णन, वेळ, बाधित होणाऱ्या वस्तूंची यादी, आधी घ्यायचा बॅकअप, लॉगिन-पासवर्ड हाताशी आहे का, यूपीएस चार्ज आहे का, भुसावळला कळवलं आहे का. मागणारा मी, मंजूर करणारी पत्नी. मुलगी साक्षीदार. परवा नव्या राउटरचाही संदेश आला, नवीन फर्मवेअर उपलब्ध आहे म्हणून. मी परमिट भरून स्वयंपाकघरात नेलं. पत्नीने ते पूर्ण वाचलं आणि सही न करता परत दिलं. तिचं म्हणणं, मागच्या कामाचं परमिट अजून बंद झालेलं नाही, प्रिंटर तेव्हापासून जोडलेला नाही, आणि जुनं परमिट उघडं असताना त्याच लाइनवर नवं देता येत नाही. आक्षेप नियमाला धरून आहे. मी प्रिंटरची पुस्तिका शोधतो आहे.